दाढेखालची काळी जागा

आमच्या घरात माणूस जाणार असं ठरलं की सगळे त्याच्याशी गोड वागू लागतात. मध्यभारत राज्य मोडून ग्वाल्हेर नव्या मध्य प्रदेशात जायला आठवडा उरला होता, आणि माझी वहिनी मला रोज शिरा करून घालत होती. पंधरा वर्षं जिने माझ्या पानात हात आखडून तूप वाढलं, ती विचारत होती, "वन्सं, अजून थोडा घेता?" तेव्हाच मी ओळखलं की माझं काही खरं नाही.

माझ्या उजव्या गालाच्या आत उन्हाळ्यापासून एक फोड होता. दवाखान्यात त्याचा तुकडा कापून तपासायला घेतला आणि जबड्याचा एक्स-रे काढला. त्याचं काय झालं हे मी दादांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "सूज आहे. उतरेल." महिपतराव, माझे थोरले भाऊ. संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जमादार होते. रिसाला मोडला तेव्हापासून गिरणीच्या फाटकावर बसतात, पण मिशांचा पीळ अजून घोड्यावरचाच. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन त्यांच्या घरी आले, शिकले, गोरखीजवळच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. माझ्याशी खोटं बोलताना ते भिंतीकडे बघतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या रविवारी ते आंघोळीला गेले आणि मी त्यांच्या कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली. चोरीच ती, आणि तिची मला काडीची लाज वाटत नाही. चिठ्ठी इंग्रजीत होती, डॉक्टरांच्या हातची. कॅन्सर. एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याचं हाड खाल्लेलं दिसतं. ऑपरेशनचा उपयोग नाही. चार ते सहा महिने.

मी मोरीत जाऊन रडले. पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि मला संताप आला. मरण माझं, आणि ते माझ्याखेरीज सगळ्या घराला माहीत!

सोमवारी शाळेत न जाता मी दवाखाना गाठला, एकटी. एक्स-रेच्या खोलीत रमाकांत नावाचे गृहस्थ लाकडी पेट्यांत गवत भरत होते. फोटो काढणारे तेच. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

"बाई, तुम्ही? भाऊसाहेब नाही आले?"

"जबडा माझा आहे, त्यांचा नाही. माझी फिल्म दाखवा."

"पेशंटला दाखवायचा कायदा नाहीये. आणि बघा ना, सगळं सामान भोपाळला चाललंय. डॉक्टरसाहेबांची पण बदली झाली, परवा निघतात."

"मग आजच दाखवावी लागेल."

माझी मुद्रा बघून त्यांनी पाकीट शोधलं आणि फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. माझे दात, माझं हाड. मागच्या बाजूला हाडात एक काळी जागा होती, बोराएवढी. रमाकांत हळूच म्हणाले, "हेच ते. रोग हाडात शिरला की मग... डॉक्टरसाहेब यावरूनच सांगतात, कोण वाचेल आणि कोण नाही."

मी त्या काळ्या जागेकडे बघत राहिले. मग जिभेने तोंडात चाचपलं.

"इथे माझी दाढ होती," मी म्हटलं. "फोटोच्या दोन आठवडे आधी काढली."

"काढली? कागदावर तर लिहिलंय, दाढ आपोआप पडली, म्हणजे रोगानेच पाडली."

"कुणी सांगितलं?"

पण विचारायची गरज नव्हती. फोटोच्या दिवशी मी डॉक्टरांच्या समोर बसले होते आणि ते सगळे प्रश्न दादांना विचारत होते. त्या प्रश्नाच्या वेळी नेमकं मला नर्सने आत नेलं होतं.

खरं काय ते मी रमाकांतांना सांगितलं. आमच्या घरात दात दुखला, हाड सरकलं की डॉक्टरकडे जायची पद्धत नाही. आजोबांपासून सगळे रिसाल्याच्या सलोत्र्याकडे जातात. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. तुकोजी त्यांचं नाव. रिसाला गेला, घोडे गेले, तुकोजी उरले, आणि आमच्या लोकांचा विश्वासही उरला. फोडाचं दुखणं दाढेचं समजून दादा मला त्यांच्याकडे घेऊन गेले. तुकोजींनी घोड्याच्या दातांचा चिमटा लावला. दाढ निघाली, सोबत हाडाची कपची निघाली.

रमाकांत हातातलं गवत टाकून उठले. "बाई, मग हा खड्डा चिमट्याचाही असेल. हे तर तुम्ही साहेबांना सांगायलाच पाहिजे."

डॉक्टर भटनागर वाईट माणूस नव्हते, घाईत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "देखिए बहनजी, आपके भाईसाहब ने कुछ और लिखवाया है। मरीज़ आख़िर में सौ बातें सोचता है।"

"दूसरा फोटो निकालिए। रोग होगा तो छेद बढ़ा होगा। घाव होगा तो भर रहा होगा। उस फोटो को पाँच हफ्ते हो गए हैं।"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन आकडे असल्याशिवाय वाढ की घट ते सांगता येत नाही, एवढं तर पाचवीच्या पोरींनाही कळतं.

"कोरी फिल्में गिनकर सील हो चुकी हैं। भाईसाहब को भेजिए, वो बयान बदलें तो सोचूँगा।" आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले.

मी एक्स-रेच्या खोलीत परतले आणि फिल्मच्या सील केलेल्या पेटीवर जाऊन बसले. रमाकांत घाबरले. हमाल आले. मी म्हटलं, "ही पेटी भोपाळला जाईल तर माझ्यासकट जाईल. गिरणीवर निरोप पाठवा, महिपतरावांना म्हणावं, बहीण उठत नाही."

दीड तासाने दादा आले. लाल झाले होते.

"सुलोचना, ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत. दाढ कशी निघाली ते डॉक्टरांना सांगा."

ते भिंतीकडे बघू लागले. डॉक्टरही दारात येऊन उभे राहिले होते.

"दादा, भिंत ऑपरेशन करणार नाहीये. माझ्याकडे बघा. तुम्ही लाजलात म्हणून मी मरायचं का?"

असं मी त्यांना आयुष्यात कधी बोलले नव्हते. दादांनी मिशीला हात लावला, मग खाली घेतला. साहेबासमोर उभं राहतात तसे ताठ झाले.

"घोड़े के डॉक्टर से निकलवाई, साहब। घोड़े के चिमटे से," ते म्हणाले. आवाज फाटला. "सिर मैंने पकड़ा था। ये चिल्ला रही थी और मैंने पकड़ रखा था।"

मग ते जमिनीवरच बसले. मला त्यांचा राग होता, आणि तरी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण मी पेटीवरून उठले नाही. डॉक्टरांनी "सील खोलो" म्हटल्यावर उठले.

नवी फिल्म ओलीच होती, रमाकांतांनी दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. काळी जागा लहान झाली होती. तिच्या कडेने पांढुरकी रेघ आली होती, नवं हाड. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हड्डी में बीमारी नहीं है, सिर्फ़ गाल में है," ते दादांना म्हणाले. "मुझसे चूक हुई। बंबई भेजता हूँ, आज ही लिखता हूँ। गाल कटेगा, चेहरा बिगड़ जाएगा। फिर भी पक्का कुछ नहीं, आधे बचते हैं। आप सोचकर..."

"उनसे क्या पूछते हैं?" मी म्हटलं.

डॉक्टर थांबले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसले.

"आप करवाएँगी?"

"लिखिए," मी म्हटलं. "और उस काग़ज़ पर दस्तख़त मैं करूँगी।"