मेरीबाईंनी घासलेले इंजिन

मित्रांनो, मी आगगाडीचे इंजिन आहे. पण जुने, पितळेचे आणि जेमतेम हातभर लांबीचे. हसू नका! मला खरा बॉयलर आहे आणि वाफेवर धावण्यासाठीच मला घडवले आहे.

१९४० साली मी विलायतेहून एका खोक्यात आले, तेही सुट्या भागांच्या रूपाने. राहुरीजवळच्या एका गावात एलियामास्तर मिशनच्या शाळेत लोहारकाम शिकवत. पादरीसाहेबांनी ते खोके त्यांना भेट दिले. मास्तरांनी वर्षभर रोज संध्याकाळी कानस चालवून, डाख देऊन सांधे जोडून, एकेक स्क्रू पिळून मला उभे केले. मग अंगणात गोल रूळ मांडले, बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा पेटवला, आणि मी धावले! त्यांच्या पत्नी मेरीबाई टाळ्या वाजवत माझ्यामागे पळाल्या. तसा दिवस पुन्हा यावा म्हणून मी आजही झुरते.

१९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मास्तर फौजेत फिटर म्हणून दूर इराकात बसऱ्याला गेले. जाताना म्हणाले, "इंजिन जप गं. आलो की आदी त्येच पळवू."

मेरीबाईंनी मला जिवापाड जपले. रविवारी त्या कामाला हात लावत नसत, म्हणून दर शनिवारी चिंच आणि राख घेऊन मला घागरीसारखे घासत. चाके फिरवून फिरवून खाचाखाचांत राख चोळत. ती राख आत शिरे आणि मी करकरत असे, पण सांगणार कसे? मला तेलाचे दोन थेंब हवे होते. मास्तर पत्रातून माझी खुशाली विचारत, आणि बसऱ्याला दर वेळी उत्तर जाई, 'इंजिन लखलखीत आहे.'

चार वर्षांनी मास्तर परतले. त्याच संध्याकाळी त्यांनी दिवा पेटवला. वाफ झाली, पण फटीफटींतून निसटून गेली. मी जागचे हलले नाही. वाफेच्या जोरावर नळीत मागेपुढे सरकून चाके फिरवणारा माझा दट्ट्या त्यांनी काढून पाहिला. राखेने तो झिजला होता, आतली नळी ओरखड्यांनी भरली होती. तसा भाग आता कुठे मिळणार नव्हता.

"अवो, मी एक सनवार चुकवला न्हाई," मेरीबाई रडवेल्या झाल्या. "माझं काय चुकलं व्हय?"

मास्तरांनी बोटावरची राख हळूच सदऱ्याला पुसली. "न्हाई गं. जाताना मीच आत पानी ठेवून गेल्तो. त्यानं गंजलं. चूक माझी हाय."

मित्रांनो, एखाद्याला जपायचे असेल, तर त्याला काय हवे ते आधी जाणून घ्या. मला अजून पळायचे आहे, फार फार पळायचे आहे. पण मेरीबाईंवर रागवायला मला कधी जमले नाही. पुढच्या शनिवारी त्या मला घेऊन बसल्या, तेव्हा मास्तर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच चिंच भिजत घातली.