आवडाबाईची जागा

आमच्या नौपाड्याच्या मासळीबाजारात एक रीत आहे. ज्या ओट्यावर महिनाभर मासळी मांडली नाही तो ओटा सुटला. जी मांडेल तिचा. आणि आवडाबाई खुब्याचं हाड मोडून कोळीवाड्यात घरी पडलेली. सून निशा दवाखान्यात नोकरीला, बाजारात बसणार कोण? आवडाबाईचा ओटा जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तिचा ओटा माझ्या शेजारीच. तीस वर्षं आम्ही एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली आणि घसा फुटेस्तोवर भांडलो.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी तिच्या ओट्यावर कोलंबी मांडली ती मनात पाप ठेवूनच. कोपऱ्यावरची जागा, गिऱ्हाईक आधी तिथेच थांबतं. पण जो तो येऊन भाव विचारायच्या आधी आवडाबाईची तब्येत विचारायला लागला. मेली, माझीच मला लाज वाटली.

मग मी दोन्ही ओटे मांडायला लागले. तिच्या ओट्यावर निवडक माल, कारण तिची गिऱ्हाइकं चोखंदळ. काहीबाही सांगून त्यांना धरून ठेवलं.

कोळीवाड्यात मात्र बातमी पोचली, शेवंतीने जागा खाल्ली. मी आवडाबाईकडे खुलासा करायला गेले नाही. सांगून तिने ऐकलं असतं थोडंच!

तीन महिन्यांनी ती निशाचा हात धरून रिक्षातून उतरली. मी तिच्याच ओट्यावर चिंबोऱ्या बांधत होते.

"ऊठ गो! माजी जागा गिललीस? लाज नाय वाटत तुला?"

सगळा बाजार बघायला लागला. मी उठले, हात पुसले. पहिल्या दिवशीचं पाप तर खरंच होतं.

तेवढ्यात तिचं जुनं गिऱ्हाईक, विमलाबाई, पिशवी घेऊन आल्या. "अगंबाई, आलात! तुमच्या बहिणीने आम्हाला दुसरीकडे जाऊच दिलं नाही हो. रोज म्हणायची, येईल माझी आवडा, तोवर तिची जागा मी सांभाळतेय."

"कोनची बहीन?"

विमलाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आवडाबाईने माझ्याकडे बघितलं. मग निशाचा आधार घेऊन हळूहळू ओट्यावर बसली आणि जरा सरकून शेजारी थोडी जागा केली.

"धाकटी हाय," ती विमलाबाईंना म्हणाली. "तोंडाची फाटकी, पन माजी हाय."

मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. तेवढं तरी सांगायचं होतं, पण रडू आवरेना.