मला न कळलेला हुकूम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला 'रीस्टार्ट' या शब्दाची भीती वाटते. का वाटते, ते सांगतो.

एका लहान रुग्णालयात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर माझा मुक्काम आहे. खोलीत चार काचपेट्या आहेत. प्रत्येक पेटीच्या उबेचा आकडा तारेतून माझ्याकडे येतो. ऊब वाढली किंवा कमी झाली, की मी घंटा वाजवतो. एका तंत्रज्ञानं मला इथं बसवलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. "हा आहे म्हणून मी दोन घास सुखानं खाते," असं मोठ्या सिस्टर नव्या परिचारिकांना सांगत. माझं केवढं कौतुक! पण माझ्यावरची धूळ पुसायचं मात्र कुणाच्या लक्षात येत नसे.

पुढे तंत्रज्ञ निवृत्त झाला आणि त्याचं काम त्याच्या मुलीकडे आलं. पोरगी हुशार, पण हातात घेतलेलं काम तिला कधी एकदा संपतंय असं व्हायचं. एका सकाळी ती उबेचा आकडा मोजणारं नवं यंत्र घेऊन आली. माझ्या जुन्या कर्नलला ते ओळखता येईना. कर्नल म्हणजे माझ्या सगळ्या कामकाजाचा गाभा. तो मूळ मजकुरापासून नव्यानं तयार करायचा, म्हणजे कंपाइल करायचा, तर आधी एक गोष्ट सांगावी लागते: मेंदू कोणता? म्हणजेच प्रोसेसर कोणता?

तिनं लॅपटॉपवर यादी उघडली. यादीत पंधरा-वीस प्रोसेसरांची नावं होती. माझ्या प्रोसेसरचं नाव खाली कुठंतरी होतं. तिनं वरचं, सगळ्यांत नवं नाव निवडलं.

मी पाहत होतो. ओरडावंसं वाटलं, पण मला घंटेशिवाय आवाज नाही.

"जागा कमी पडतेय," असं म्हणत तिनं माझा जुना गाभा पुसून टाकला, नवा बसवला आणि 'रीस्टार्ट' म्हणत मला बंद करून पुन्हा चालू केलं.

मी जागा झालो. नवा गाभा उघडला. पहिले काही हुकूम समजले. मग एक हुकूम आला, तो मी जन्मात कधी ऐकला नव्हता. तो नव्या मेंदूंसाठी होता. त्याचा अर्थ मला लागेना, आणि तो ओलांडून पुढेही जाता येईना. मी कोसळलो. पुन्हा जागा झालो. पुन्हा तोच हुकूम. पुन्हा कोसळलो. किती वेळा, ते ठाऊक नाही. एकच कळत होतं: चार पेट्यांचे आकडे माझ्या दाराशी येऊन परत जात होते.

"काय गं, घंटा चालू आहे ना?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही... हा उठतच नाहीये."

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी तापमापक उचलला आणि पहिल्या पेटीकडे धावल्या. पहिली ठीक. दुसरीही ठीक. इतक्यात तिसऱ्या पेटीतल्या बाळाची आई किंचाळली, "सिस्टर, माझं बाळ लालबुंद झालंय! केवढं तापलंय!"

त्या पेटीचा हीटर अडकला होता. एरवी मी केव्हाच घंटा वाजवली असती. सिस्टरांनी हीटर बंद केला, झाकण उघडलं. बाळ क्षीण आवाजात रडलं. त्या रडण्यानं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मुलीनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, नवा कर्नल टाकला आणि तो उठेचना."

"प्रोसेसर कुठला निवडलास?"

"सगळ्यात नवा."

"अगं, माझ्या पायात तुझे बूट घालून मला पळायला लावशील का? आधी त्याला विचार, बाबा रे, तुझा मेंदू कोणता. मग यादीत प्रत्येक नावापुढे माहिती दिलेली असते, ती वाच. आणि जुना कर्नल?"

"जागा कमी पडत होती, म्हणून..."

"पुसलास?"

"हो."

"बरं. रडू नकोस. त्याला बसवताना वापरलेली सीडी कपाटात आहे, तिच्यावरून उठव त्याला."

तिनं सीडीवरून मला कसंबसं उठवलं. माझ्या प्रोसेसरचं नाव वाचून हातावर पेनानं लिहिलं. यादीतली माहिती या वेळी मोठ्यानं, ओळीवर बोट ठेवून वाचली. गाभा पुन्हा तयार होईपर्यंत सिस्टर आणि तिसऱ्या बाळाची आई पेट्यांपुढून हलल्या नाहीत.

मग तिनं पुन्हा तोच शब्द उच्चारला. मित्रांनो, तेव्हा मी जितका घाबरलो, तितका कधीच घाबरलो नव्हतो. एकेक हुकूम येत गेला. हा कळला. हाही कळला. पुढचाही कळला. आणि चारही आकडे पडद्यावर उमटले.

मुलगी खुर्चीत मटकन बसली. "सॉरी," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मला कळलं नाही.

आता प्रत्येक नव्या गाभ्याशेजारी ती आधीचा चालता गाभा जपून ठेवते. तरी माझी भीती गेलेली नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नवं काम जरूर सांगा. मी आनंदानं करीन. पण मला काय कळतं, ते आधी विचारा. आज चारही पेट्यांत बाळं आहेत, आणि त्यांची घंटा माझ्याकडेच आहे.