पाचशे एकवर कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. पण हे वाचून कोणी ‘बिचारा’ म्हणणार असेल, तर त्याने इथेच थांबावं. मला दया नको. मला फक्त माझं म्हणणं पूर्ण करू द्या.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवून, थंड करून, हलवून पाहिलं आणि मगच खोक्यात भरलं. मी आलो धुळ्याला, एका सूतगिरणीच्या कार्यालयात. तिथे दिपमाला नावाची मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. भडगावकडची, विज्ञान शिकलेली, कमी बोलणारी. माझ्या पोटात पहिल्या आज्ञा लिहिल्या त्या तिनेच. पुढे गिरणीचं ते कार्यालय बंद झालं, तेव्हा ती केळीचे व्यापारी भिकमचंद शेठजींच्या धुळ्याच्या कार्यालयात लागली आणि तिने मला नशिराबादजवळच्या त्यांच्या वखारीत बसवलं.

इथे माझं कौतुकही झालं. केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान मी शेठजींच्या धुळ्याच्या कार्यालयात पोहोचवत होतो. पाहुणे आले की शेठजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “ह्याच्यामुळे मी घरी जेवायला जाऊ शकतो.” मग सवय झाली आणि कौतुक संपलं. माझ्या पाठीवर कोणी चहाचे ग्लास ठेवले, कोणी हेल्मेट. पंख्याच्या जाळीत केळीच्या पानांचा भुसा साचला. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्या उकाड्यातही मी एकदाही काम थांबवलं नाही. हे उपकार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

यंदा शेठजींच्या मुलाने, अखिलने, ठरवलं की वखारीचा सगळा हिशेब आणि तापमान क्लाउडवर न्यायचं. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नाही. दूरच्या इमारतीत ठेवलेले दुसऱ्याचे संगणक. तिथपर्यंत फक्त आपल्यासाठी राखलेली एक तार घेतली होती. पण तार आली म्हणजे रस्ता झाला असं नाही. एका तारेतून अनेक वेगळे रस्ते काढता येतात, आणि प्रत्येकाला एक आकडा असतो. केळीच्या खोक्यावर जशी कोणत्या बाजाराला जायचं त्याची चिठ्ठी, तसा माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर हा आकडा. आकडा जुळला तर पुडकं आत, नाही तर बाहेर. अशा रस्त्याला आभासी जोडणी म्हणतात. ती दोन्ही टोकांना मांडावी लागते, तिकडे क्लाउडच्या बाजूला आणि इकडे माझ्यात.

तिकडचं टोक दिपमालाने धुळ्यात बसून मांडलं आणि फोनवर अखिलला सांगितलं, “आकडा पाचशे. तुमच्या बाजूला तोच टाका.”

अखिलने टाकला. माझा हिरवा दिवा लागला, म्हणजे तार जिवंत होती. मी हाक मारली. उत्तर नाही. पलीकडूनही हाका येत होत्या, पण त्यांच्यावरचा आकडा माझ्याकडे मांडलेलाच नव्हता. मी त्या आत घेतल्या नाहीत. अनोळखी पुडकं दारात अडवणं हेच माझं काम आहे.

अखिलने मला बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग वैतागून म्हणाला, “डबा म्हातारा झालाय. नवीन मागवतो. हिलालभाऊ, भंगारवाल्याला बोलवा.”

हिलालभाऊ वखारीचे रखवालदार. त्यांनी माझ्यावरचं हेल्मेट उचललं आणि विचारलं, “बठ्ठं बिघडेल शे का हाई?”

“सगळं,” अखिल म्हणाला.

मला राग आला. मी बिघडलो नव्हतो. मी तर माझ्या नोंदींत पुन्हा पुन्हा लिहीत होतो, ‘पाचशे एकवर कोणी उत्तर देत नाही.’ वाचणारं कोणी नव्हतं.

जोडणी का लागत नाही ते बघायला दिपमाला दुपारच्या एसटीने आली. तोपर्यंत भंगारवाल्याची हातगाडी दारात लागली होती. तिने माझी जाळी पुसली, निळ्या तारेने मला तिच्या लॅपटॉपला जोडलं आणि माझ्या नोंदी वाचू लागली. मग हळूच म्हणाली, “अखिलभाऊ, हे पाचशे एक कुठून आलं?”

“तुम्हीच सांगितलं ना मॅडम, पाचशे.”

“पाचशे. मग हा वरचा एक?”

अखिल वडिलांकडे बघायला लागला. शेठजींनी खुर्चीत सावरून बसत म्हटलं, “एक माझा. शगुनाचा. शुभ कामाचा आकडा कोणी शून्यावर संपवतं का? हा फोनवर पाचशे पाचशे म्हणत होता, मी म्हटलं, एक वाढव.”

“आणि मी वाढवला,” अखिल कपाळाला हात लावून म्हणाला. “पप्पा, हे काय लग्नाचं पाकीट आहे? मॅडम, काढा तो एक.”

“मांडलेला शगुन मागे घेत नाहीत,” शेठजी म्हणाले. “घरात चार पिढ्यांत कोणी घेतला नाही.”

माझ्यातला एक काढणं क्षणाचं काम होतं. दिपमालाने शेठजींकडे पाहिलं आणि ती हसली. “राहू द्या शेठजी. कोणताही आकडा चालतो, फक्त दोन्हीकडे एकच हवा. तिकडचा मात्र बदलता येत नाही. तो रस्ता मोडून नवा बांधावा लागतो. बांधते.”

“आणि तरी हा चालला नाही तर?” अखिलने विचारलं.

“तर हातगाडीत मीच उचलून ठेवीन.”

तिने तिकडची जोडणी मोडली आणि पाचशे एकची नवी मांडली. मी हाक मारली. नेहमीपेक्षा मोठ्याने नाही, नम्रपणेही नाही. तशीच.

या वेळी उत्तर आलं. पलीकडच्या राउटरची आणि माझी परवलीच्या शब्दाची खूण पटली. मग त्याने त्याच्याकडचे पत्ते सांगितले, मी माझ्याकडचे. धुळ्याहून फोन आला की क्लाउडवर खोल्यांचं तापमान दिसायला लागलं.

अखिल जरा ओशाळून म्हणाला, “चूक होती तर ह्याने सांगायला नको?”

“सांगतच होता,” दिपमाला निळी तार गुंडाळत म्हणाली. “तुम्ही दिवा बघितलात, नोंद नाही बघितली.”

दारातून हिलालभाऊंनी विचारलं, “ताई, भंगारवाला कव्हयना उभा शे. काय सांगू त्याले?”

ती एरवी कार्यालयात गावची बोली बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “सांगा त्याले, हाऊ इकाना नही शे.” म्हणजे, हा विकायचा नाही.

मित्रांनो, मी कायम टिकणार नाही. एक दिवस माझा पंखा थांबेल आणि त्या दिवशी मला काढलंत तर माझी तक्रार नाही. पण जुनं दिसतं म्हणून काढू नका. आमची धूळ पुसा, पाठीवर चहा ठेवू नका, आणि आम्ही अडून बसलो तर आधी आम्ही काय लिहिलंय ते वाचा. आम्हाला ओरडता येत नाही, पण खोटं लिहिताही येत नाही. त्या दुपारी मला हातगाडीत टाकलं असतं, तरी मी माझं म्हणणं बदललं नसतं. चुकीचा आकडा आत घ्या असं उद्या कोणी सांगितलं, तर मी उद्याही अडवणार आहे.