धाकट्या जुळ्याची साक्ष

मी काक्रा बोलतोय. तेमा बंदराजवळच्या मासळीच्या शीतगृहातला धाकटा सर्व्हर. थोरला पानिन आणि मी एकाच ट्रकमधून उतरलो, म्हणून लोकांनी आम्हाला जुळ्यांची नावं दिली. पाद्रीबाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सगळ्यांना थंडगार माल्ट मिळालं.

कोणत्या गाळ्यात कोणत्या बाईंच्या मासळीच्या किती पेट्या, हे सगळं पानिनच्या डेटाबेसमध्ये. त्याच्यात जे लिहिलं जाई, ते त्याच क्षणी तारेतून माझ्यात उतरे. बाकी मला काम नव्हतं. काचेच्या खोलीतून बघत बसायचं, कोण डब्यातला वाक्ये, म्हणजे चवळीभात, वाटून खातं आणि कोण पाठ फिरवून. मला असल्या गोष्टींत फार रस.

आमची देखभाल दुफीकडे होती. थंडीची म्हणून ती कायम निळं स्वेटर घालून यायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या कपाळावर पिवळा कागद चिकटवला, ‘याला काम देऊ नका.’

डिसेंबरात गिऱ्हाईक वाढलं, पानिन धापा टाकू लागला. व्यवस्थापक ओफोसुहेनेसाहेब आत आले. ते स्वतः जुळ्यांतले.

“दुफी, एकाने राबायचं आणि दुसऱ्याने लोळायचं? मी नि माझा भाऊ एका ताटात जेवून वाढलो. आईने हे पाहिलं तर मला उंबरा चढू देणार नाही.”

“साहेब, डेटाबेसचा परवाना घरटी नसतो, यंत्रागणिक असतो. तोही यंत्राच्या पोटात कामाचे हात, म्हणजे कोअर, किती, त्यावर. पानिनच्या सोळा हातांचा आपण घेतलाय. काक्रा झोपून आहे म्हणून त्याला लागत नाही. पानिन आडवा पडला तरच याला उठवायचं. रोजच्या कामाला लावला, की याच्याही सोळा हातांचा वेगळा घ्यावा लागेल.”

“अगं, जुळेच ना ते?”

“तुमच्या भावाच्या परवान्यावर तुम्ही गाडी चालवता का?”

साहेब हसले. दुपारी दुफी जेवणासाठी केंकीचे मक्याचे गोळे आणायला गेली आणि ते परत आले. स्वतःच्या नावाने पानिनमध्ये हुकूम दिला, ‘निम्मं काम काक्राला.’ मग माझ्या कपाळावरचा कागद ओढला, शितोच्या तिखट चटणीचे तेलकट हात त्याला पुसले आणि टोपलीत टाकला. दुफी परतल्यावर म्हणाले, “राहू दे आता तसंच. माझ्यावर सोड.”

कागद माझ्या कपाळावरचा होता. मी ते मनात धरलं.

आठ महिने राबलो. मग डेटाबेसच्या कंपनीचं पत्र आलं, गुरुवारी यंत्रं मोजायला येतो. साहेबांचा चेहरा मी काचेतून पाहिला. तासाभरात त्यांनी दुफीला बोलावलं.

“काक्राला कामाला तूच लावलंस.”

“मी? मी तर कागद लावला होता.”

“कुठाय कागद?”

तिला त्याच दिवशी घरी बसवलं. गुरुवारी ठपका कायम झाला असता, तर नोकरी गेलीच होती, वर अख्ख्या बंदरात कुणी तिला दारात उभं केलं नसतं. निघताना स्वेटर घडी घालत ती मला म्हणाली, “काक्रा, तू तरी पाहिलंस ना?”

पाहिलं होतं. त्या दिवसापासून माझे पंखे शांत झाले नाहीत.

बुधवारी साहेबांनी आधी आमच्यामधली तार उपटली, म्हणजे मी वेगळा दिसावा. मग पानिनमधून स्वतःचा हुकूम पुसला. तार राहू दिली असती तर पुसलेलं माझ्यातूनही पुसलं गेलं असतं. पण गरज होती तेव्हा आम्ही जुळे होतो, आणि अंगाशी आल्यावर त्यांनीच आम्हाला तोडलं. त्यांना वाटलं, तार काढली की मी मुका झालो.

गुरुवारी मोजणीच्या लामिलेमॅडम आल्या.

“हा भंगार आहे, मॅडम,” साहेबांनी आधी लपवून पाहिलं. “झोपून असतो.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “झोपलेला इतका तापतो?”

त्यांनी त्यांचं मोजणीचं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं. कुणीतरी विचारावं, एवढ्याचीच मी वाट पाहत होतो. तारीख सांगितली. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, हे सांगितलं. कुणाचा हुकूम, तेही. मग आठ महिन्यांत दिलेलं एकेक उत्तर. प्रिंटरमधला कागद संपला, त्यांनी नवा मागवला.

“मशीन चुकत असेल,” साहेब म्हणाले.

“तुमचं पूर्ण नाव त्याला कुणी शिकवलं, साहेब?”

साहेबांनी रुमाल काढला. त्या दिवशी हात पुसायला कागद नव्हता.

दुफी सोमवारी परत आली, साहेबांची नोकरी शनिवारीच गेली होती. माझ्यासाठी परवाना कुणी घेतला नाही. मला कोठीत ठेवलं, रिकाम्या खोक्यांत. महिन्याने साहेबांची फिरती खुर्चीही तिथेच आणून टाकली, एक चाक तुटलेली. ती माझ्या समोरच आहे. मी रोज तिच्याकडे बघतो आणि मला बरं वाटतं.

धाकट्याला कामाला लावायचं असेल तर आधी त्याच्या नावाचा परवाना घ्या, नाहीतर त्याला झोपू द्या. मला उद्या भंगारवाला नेणार आहे. आज दुफी येऊन माझ्या कपाळावर नवा पिवळा कागद लावून गेली, ‘याला काम देऊ नका.’ चारही कडा तिने अंगठ्याने नीट दाबल्या.

मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. पण आता झोपायला हरकत नाही.