हिरव्या गाडीतला पेशंट

जागा सुरक्षित आहे का?

हिरवी गाडी मूळची फादर मिशोंची. गेल्या हिवाळ्यात तिच्यापुढे मूस, घोड्याहून उंच सांबर, आडवा आला. मूस उठून जंगलात चालता झाला, फादर महिनाभर हात गळ्यात बांधून मिस्सा सांगत राहिले, आणि गाडी कॉलेजला दान आली. मोटार दुरुस्तीच्या पोरांनी इंजिन उतरवून घेतलं. उरलेला सांगाडा त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या वर्गाला देऊन टाकला. आता ती वर्कशॉपच्या मागे, काळवंडलेल्या बर्फाच्या ढिगाशेजारी, चिखलात रुतून बसली होती.

ड्रायव्हरच्या सीटवर फर्नांड सीर बसला होता. गळ्यात दोरीने अडकवलेलं एक कार्ड होतं. पुरुष, वय पंचावन्न, मान दुखते, छाती दुखते, पाय डॅशबोर्डखाली अडकलेत.

यातलं वयापर्यंतचं तेवढं खरं होतं.

कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांनाच कॉलेजात धाडलं होतं. ज्यांना हात होते त्यांनी वेल्डिंग घेतलं, ज्यांना पाठ उरली नव्हती त्यांनी कॉम्प्युटर. फर्नांडने वेल्डिंग घेतलं. पण वेल्डिंगच्या दाखल्यासाठीसुद्धा लेखनाचा एक कोर्स पास व्हावा लागतो, हे त्याला फी भरल्यावर कळलं. लेखन ऑस्ट्रँडरबाई शिकवत. ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या परीक्षेत जो पेशंट होऊन बसेल आणि त्यावर लिहील, त्याला त्या जास्तीचे मार्क द्यायच्या. फर्नांडला त्या मार्कांची फार गरज होती.

पेशंट म्हणून तो स्वतःच्या मुलीच्या, रिनेलच्याच वाट्याला येईल, हे मात्र चिठ्ठीने ठरवलं. बाप चालेल का, असं रिनेलने परीक्षकांना विचारलंही होतं. हॅस्केल म्हणाले, या खोऱ्यात नात्यात नसलेला पेशंट हवा असेल तर बाहेरूनच मागवावा लागेल.

रिनेलला पोर्टलंडच्या अग्निशमन दलात जागा मिळाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं, आजच्या परीक्षेचा दाखला घेऊन. आज हुकलं तर पुढची परीक्षा थेट बटाटे काढून झाल्यावर, आणि तोवर तिकडची खुर्ची रिकामी राहणार नव्हती.

पोर्टलंड खाली, दक्षिणेला होतं. खाली गेलेली माणसं परत वर येत नाहीत, हा फर्नांडचा अनुभव. त्याची बायको इव्हेट बहिणीकडे दोन आठवड्यांसाठी म्हणून कनेटिकटला गेली होती. ते दोन आठवडे अजून चालू होते.

पेशंट बोलतो का?

हॅस्केलनी सुरुवातीलाच नियम सांगितला होता. पेशंटने ओरडावं, रडावं, शिव्या द्याव्यात, आईला हाक मारावी. सगळं अभिनयात धरलं जाईल. पण खरंच काही झालं तर दोनच शब्द म्हणायचे : सोंग संपलं. मग सगळं जागच्या जागी थांबतं. परीक्षासुद्धा.

"हे वाक्य कुणी वाया घालवू नका," ते म्हणाले होते. "गेल्या वर्षी एकाला लघवीला लागली होती."

रिनेल चिखल तुडवत आली. मागोमाग तिचा जोडीदार टकर, खांद्यावर फळी घेऊन. ती खिडकीशी वाकली. आज सकाळीच तिने बापाला 'पपा, तुझा डबा राहिला' म्हणून ओरडून बोलावलं होतं. आता त्याच आवाजाला कुणीतरी इस्त्री केली होती.

"सर, माझं नाव रिनेल. मी तुमच्या मदतीला आले आहे. तुमचं नाव काय?"

फर्नांडला हसू आलं. आपलं नाव तिला सांगायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

"फर्नांड," तो म्हणाला.

"फर्नांड, मान हलवू नका."

टकर मागच्या सीटवर चढला आणि त्याने मागून दोन्ही तळव्यांत फर्नांडचं डोकं धरलं. टकरच्या हातांना कांद्याचा वास होता. रिनेलने गळ्याभोवती कॉलर बसवली. मग पाठीमागे छोटी फळी सरकवली. छातीवरून पट्टा. पोटावरून पट्टा. कपाळावरून चिकटपट्टी, इकडून तिकडे. तिचे हात भराभर चालले होते. ते बघण्यासारखे होते, पण मान वळवता येत नसल्यामुळे त्याला फक्त गाडीचं छत दिसत होतं. छताचं कापड फाटून लोंबलं होतं, आणि त्यात मुसाचे केस अडकले होते.

श्वास

काच फोडायच्या आधी पेशंटवर ब्लँकेट टाकतात, काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून. पुस्तकात तसंच आहे. रिनेलनेही तसंच केलं. "आता थोडा वेळ अंधार होईल," ती म्हणाली, आणि अंधार झाला.

ब्लँकेट लोकरीचं होतं, दमट. कुठल्यातरी तळघरात पडून होतं. त्याला मातीचा वास होता.

मातीचा नाही. बटाट्याचा.

फर्नांड आठ वर्षांचा असताना बटाट्याच्या कोठारात एक ढीग घसरला होता आणि तो हनुवटीपर्यंत गाडला गेला होता. लेखनाच्या वर्गात त्याने त्यावर निबंध लिहिला होता. पूर्ण निबंध असा :

*कोठारात गेलो. बटाटे घसरले. बाबांनी काढलं. घरी जाऊन जेवलो.*

ऑस्ट्रँडरबाईंनी खाली लाल शाईत लिहिलं : मधलं कुठे आहे?

त्याने पुन्हा लिहून दिला. बटाटे कुठल्या जातीचे होते ते घातलं. जेवायला काय होतं तेही घातलं : वाटाण्याचं सूप आणि बकव्हीटची धिरडी. निबंध परत आला. मधलं कुठे आहे?

मधलं असं आहे की छाती बाहेर ढकलावी तर बटाटे आत ढकलतात. श्वास सोडला की सुटलेल्या जागेत बटाटे येऊन बसतात, आणि पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान मिळतो. म्हणून श्वास सोडायचाच नाही. पण तो सोडल्याशिवाय

नवीन घेता

पट्टा. छातीवरचा पट्टा. तो हलत नाहीये. हात पोटावरच्या पट्ट्याखाली. टकरचे तळवे कानांवर, म्हणजे आवाजही लांबून, कोठाराच्या दाराबाहेरून यावा तसा

बाबा बोलत होते तेव्हा. सारखे बोलत होते. काय बोलत होते ते

काच फुटली.

नाडी

रिनेलची बोटं ब्लँकेटखालून आली आणि त्याच्या मनगटावर बसली.

परीक्षेत नाडी कुणी मोजत नाही. विद्यार्थ्याने मनगटाला हात लावून म्हणायचं, मी नाडी बघते आहे, आणि परीक्षक कागदावरचा आकडा सांगतो. धडधाकट माणसाला बांधून ठेवून त्याची नाडी मोजण्यात काय अर्थ? पोरं अख्खं सत्र हेच करतात. दुसऱ्या महिन्यापासून त्यांची बोटं मनगटावर नुसती टेकतात.

"मी नाडी बघते आहे," रिनेल म्हणाली.

"अठ्ठ्याऐंशी, नियमित," बाहेरून हॅस्केल म्हणाले.

तिने तो आकडा मोठ्याने म्हणायला हवा होता. बोटं तशीच राहिली. मग जराशी दाबली गेली.

"अठ्ठ्याऐंशी," हॅस्केल पुन्हा म्हणाले.

ब्लँकेटची एक कड वर उचलली गेली. तिथून थोडा उजेड आला, आणि त्या उजेडात रिनेलचा अर्धा चेहरा आला. इस्त्री गेली होती. टकरलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिने विचारलं,

"पपा, तू सोंग करतोयस ना?"

जे घडलं नाही

तो म्हणाला, सोंग संपलं.

सगळं जागच्या जागी थांबलं. टकरने डोकं सोडलं, रिनेलने कात्रीने पट्टे कापले, हॅस्केल धावत आले. फर्नांड चिखलात पाय सोडून बसला आणि कुणीतरी त्याला पाणी दिलं. कुणी दोष दिला नाही, कारण माणसाला खरंच काही झालं होतं, आणि त्यासाठीच तर ते वाक्य होतं. हॅस्केलनी कागदावर आडवी रेघ मारली आणि रिनेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बटाटे निघाले की पुन्हा बघू.

जून आला आणि गेला. ती घरातच होती. सकाळी डबा विसरला की खिडकीतून ओरडायची. संध्याकाळी ट्रकचा आवाज आला की स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. त्याने काहीच वाईट केलं नव्हतं. तो गुदमरत होता, आणि जे खरं होतं तेच त्याने सांगितलं होतं. त्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. इव्हेटनेसुद्धा नाही.

दार इतकं सरळ उघडं होतं. दोन शब्द तेवढे म्हणायचे होते.

धीर देणे : एक मार्क

"सोंगच आहे," फर्नांड म्हणाला. "तू कर तुझं."

ती अजून वाकलेलीच होती. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि त्याने चेहरा जमेल तितका रिकामा ठेवला. मग ब्लँकेटची कड खाली पडली.

"नाडी अठ्ठ्याऐंशी, नियमित," ती बाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

आणि आता काही उरलं नाही. वाक्य वापरून झालं, म्हणजे न वापरून झालं. छातीवर पट्टा होता, नाकावर लोकर होती, आणि अजून दार कापायचं होतं. परीक्षेसाठी आलेल्या अग्निशमनवाल्यांनी पत्रा कापायची मोठी कात्री चालू केली. लोखंड किंचाळायला लागलं, आणि त्या आवाजात फर्नांडच्या तोंडून आवाज निघाला. त्याने तो काढला नव्हता. तो आधीपासून तिथे असावा.

"नको जाऊ."

कात्री थांबली. त्याचा आवाज थांबला नाही.

"जाऊ नको गं. मला इथे एकट्याला टाकून नको जाऊ. मला नाही राहता येत. घरात मी... तू नको जाऊ."

बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवली. मोटार दुरुस्तीची पोरं भिंतीला टेकून बघत होती, त्यातला एकजण म्हणाला, आयला, म्हातारा नाटकात हवा होता. हॅस्केलही हसल्याचं ऐकू आलं. ते म्हणाले, उत्तम, असा पेशंट हवा, आता बघू ती काय करते.

ती काय करते, याचा एक मार्क होता. पेशंट घाबरला तर त्याच्या नजरेसमोर यायचं, हात धरायचा, नावाने हाक मारायची, आणि पुस्तकातलं वाक्य म्हणायचं. घरी जेवणाच्या टेबलावर ती ते पाठ करायची. सूप ढवळता ढवळता त्याने ते किती वेळा ऐकलं होतं.

रिनेलने ब्लँकेट त्याच्या चेहऱ्यावरून खाली केलं. पट्ट्याखालून त्याचा हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. 

"फर्नांड, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी इथेच आहे. मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही."

पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"मार्क दिला," हॅस्केल म्हणाले.

हलवणे

दार निघालं. फर्नांडला तिरकं करून लांब फळीवर घेतलं, एक दोन तीन म्हणत उचललं, आणि गाडीशेजारी खाली ठेवलं. आभाळ दिसलं. पट्टे सुटले. टकरने हात दिला आणि फर्नांड उठून उभा राहिला. तो थोडा वेळ हिरव्या गाडीच्या टपाला धरून उभा राहिला. लोकांना वाटलं, अजून अभिनय चाललाय.

रिनेल पास झाली. हॅस्केलनी कागदावर सही केली आणि फर्नांडचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. शरदात नवी तुकडी येईल तेव्हा पुन्हा या, ते म्हणाले. तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही. तोवर ही गाडी कुठे जात नाही, तुम्हीही कुठे जात नाही.

फर्नांड बरं म्हणाला.

ट्रक रिनेलने चालवला. चावी तिने मागितली नाही, त्याच्या खिशातून काढून घेतली. वाटेत पुलाजवळच्या टपरीवरून लाल सॉसेजचे पाव घेतले आणि नदीकाठी ट्रक लावून दोघं खात बसले. बर्फाच्या लाद्या वाहत चालल्या होत्या, खाली. तिने पावाचा अर्धा भाग खाल्ला आणि उरलेला कागदात परत गुंडाळला.

"मी मोजली होती, पपा," ती म्हणाली.

तो चावत राहिला.

"अठ्ठ्याऐंशी नव्हती."

"ठाऊक आहे."

"मी परीक्षा थांबवायला हवी होती. पट्टा तरी सैल करायला हवा होता. शिकवलंय तसं." तिने काचेवर साचलेली वाफ बाहीने पुसली. "तू सोंग म्हणालास ते मला पटलं नव्हतं. पटल्यासारखं केलं."

नदीत एक मोठी लादी पुलाच्या खांबाला अडकली होती. मागून येणाऱ्या लहान लाद्या तिला धडकून बाजूने निघून जात होत्या. फर्नांड त्या लादीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, जूनमध्ये सामान न्यायला ट्रक लागेल का.

लागेल, ती म्हणाली.

त्याने शेवटचा घास गिळला, हात पँटला पुसले. तिने ट्रक सुरू केला. त्याने पट्टा लावला नव्हता म्हणून समोरची घंटी वाजायला लागली, टिंग, टिंग, टिंग. रिनेल गिअरवर हात ठेवून थांबली. फर्नांडने खांद्यामागून पट्टा ओढला, छातीवरून आणला, आणि हाताला खाच सापडेना म्हणून थोडा वेळ चाचपडत राहिला.

त्या रविवारी त्याने ऑस्ट्रँडरबाईंसाठी निबंध लिहिला.

*हिरव्या गाडीत बसलो. बांधलं. मुलीने काढलं. नदीवर जाऊन खाल्लं.*