चार वाजताचा थर्मास

"शिवणवालीनं म्हणे थर्मास उचलला आणि थेट काकूंच्या..." पुढचं स्कूटरच्या फटफटीत बुडालं. अहो खिडकीखालच्या बायांनो, ज्याच्यावर बेतलं तो मी थर्मास इथे वरच बसलोय की! मलाच विचारा. आज मी तिखटच बोलणार आहे.

अंगावर निळा पत्रा, पोटात आरशासारखी काच, असा मी कारखान्यातून निघालो. तळमजल्यावरच्या काकूंनी मला नवऱ्याच्या आजारपणात घेतलं. तो बरा झाला आणि मी माळ्यावर गेलो. चालायचंच.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीची कॉलेजातली लेक तापानं तीन दिवसांत गेली. आठवडाभर जिना माणसांनी भरलेला. जो तो म्हणे, "काही लागलं तर सांगा हं!" म्हणून उतरले ते उतरलेच. काकूंनी मात्र मला खाली काढलं, घासलं आणि रोज चारला चहा भरून वर नेलं. उपदेश नाही, चौकशी नाही. चहा ओतायचा, शेजारी बसायचं, कप विसळून परत यायचं.

"रोज चहा नेऊन तिची पोरगी परत येणारे का?" जिन्यात एक जण खिदळली.

"नाही येणार. सरक, चहा निवतोय," काकू म्हणाल्या.

परवा जुन्या सवयीनं काकूंच्या हातून कप तीन मांडले गेले. पूर्वी काकू, शिवणवाली आणि तिची लेक अशा तिघी मिळूनच चहा घ्यायच्या ना! शिवणवालीनं तिसरा कप पाहिला आणि मला भिंतीवर भिरकावलं. माझ्या काचेचा भुगा झाला.

"हा कुणासाठी, ताई? कुणासाठी?" ती किंचाळली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

काल चार वाजता मी शिवणवालीकडेच कोपऱ्यात पडलेला, आणि काकू चहाचं पातेलं घेऊन दाराबाहेर उभ्या. दार बंद. सव्वाचार झाले. माझा जीव टांगणीला. आता हे दार कायमचं मिटतंय की काय?

कडी वाजली. "कप तीनच आणलेत ना?" शिवणवालीनं विचारलं.

कालपासून माझ्या रिकाम्या पोटात तिची कात्री आणि टेप आहेत. गरम असं काही टिकत नाही माझ्यात, रागाखेरीज.

तर बायांनो, थर्मास फेकला हे खरं. काकूंच्या डोक्यात घातला हे साफ खोटं. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणाला होतात ना? सांगतो. माणूस लागतं. चार वाजता. कप आपापला आणा.